भाऊबंद, बंदुका आणि ढोल : ‘द ड्रम’ (१९३८) या साहसपटाचे तौलनिक वाचन

१. प्रास्ताविक

साहसकथा आणि तिच्यावर आधारलेला साहसपट यांची नोंद तौलनिक साहित्याभ्यासात सहसा गांभीर्याने घेतली जात नाही. रंजन हा त्यांचा उघड हेतू असतो आणि त्यांची रचना ठरीव साच्याची असते. अशा संहितेला अभ्यासविषय का करावे, असा प्रश्न त्यामुळे उपस्थित होतो. तथापि साचा जितका पक्का, तितका तो एका समाजाकडून दुसऱ्या समाजाकडे जाताना काय बदलतो हे स्पष्टपणे दिसते. ज्या कथेत नवे काही नसते, तिच्यात गृहीत काय धरले आहे हे शोधणे सोपे जाते.

राजघराण्यातील दोन भावांचे वैर, दुर्गम मुलखातून होणारी शस्त्रांची चोरटी वाहतूक आणि हक्क हिरावला गेलेला बालवारस हे तीन घटक एकत्र आले की विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील साहसपटाचे एक प्रमुख प्रारूप सिद्ध होते. कधी त्याची पार्श्वभूमी जंगलाची असते, कधी डोंगराळ सरहद्दीची. लंडन फिल्म्स या संस्थेने १९३८ मध्ये प्रदर्शित केलेला ‘द ड्रम’ हा रंगीत चित्रपट या प्रारूपाचे ठळक उदाहरण आहे. त्याच कथाबीजाभोवती मराठीत कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनी १९०९ मध्ये ‘भाऊबंदकी’ हे नाटक लिहिले होते. या दोन कृतींत प्रभावाचा कोणताही थेट संबंध नाही. घरातले भांडण मिटवण्याचा अधिकार कोणाचा, या एकाच प्रश्नाला त्या परस्परविरोधी उत्तरे देतात. ही उत्तरे कशी सिद्ध होतात, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. कथानक आणि निर्मिती

‘द ड्रम’ची मूळ कथा ए. ई. डब्ल्यू. मेसन या इंग्रज कादंबरीकाराची. ‘द फोर फेदर्स’ (१९०२) ही त्याची कादंबरी प्रसिद्धच आहे. त्याच्या ‘द ब्रोकन रोड’ (१९०७) या कादंबरीतही चिल्टिस्तान नावाचे एक काल्पनिक सरहद्दीवरील संस्थान येते. म्हणजे वायव्य सरहद्द हा मेसनचा जुना विषय होता.

चित्रपटात टोकोट नावाचे काल्पनिक संस्थान आहे. कॅप्टन कॅरुथर्स हा ब्रिटिश अधिकारी वेषांतर करून सरहद्दीवरील चोरट्या शस्त्रांचा माग काढत असतो. मोठ्या उठावाची तयारी चालू असल्याचा संशय आल्यामुळे सरकार टोकोटच्या राजाशी मैत्रीचा तह करते. परंतु राजाचा भाऊ घूल त्याची हत्या घडवून गादी बळकावतो. राजपुत्र अझीम जीव वाचवून निसटतो. बिल होल्डर या इंग्रज ढोलवादक मुलाशी त्याची मैत्री झालेली असते आणि सैन्यातील ढोलाचे संकेत त्याने त्याच्याकडून शिकून घेतलेले असतात. पुढे कॅरुथर्स रेसिडेंट म्हणून टोकोटला येतो. मोहरमच्या अखेरच्या दिवशी मेजवानीला बोलावून ब्रिटिश तुकडीची कत्तल करण्याचा घूलचा बेत असतो. अझीम टोकोटचा पवित्र ढोल वाजवून धोक्याचा इशारा देतो, घूल मारला जातो आणि अझीम गादीवर बसतो.

निर्मितीचे काही तपशील लक्षणीय आहेत. निर्माता अलेक्झांडर कोर्डा, दिग्दर्शक झोल्टन कोर्डा आणि कलादिग्दर्शक व्हिन्सेंट कोर्डा हे तिघे सख्खे भाऊ. ते मूळचे हंगेरीचे, म्हणजे ब्रिटिश साम्राज्याचे गौरवपट निर्माण करणारे हात स्वतः त्या साम्राज्याबाहेरून आलेले होते. ‘सँडर्स ऑफ द रिव्हर’ (१९३५) या आफ्रिकेवरील चित्रपटाच्या वेळी झोल्टनची सहानुभूती स्थानिक लोकांकडे, तर अलेक्झांडरचा कल साम्राज्याच्या प्रशस्तीकडे होता, असे चित्रपट-इतिहासकार सांगतात. तेव्हा या चित्रपटांची संहिता एकसंध मानणे धोक्याचे ठरते. पडद्यावरील भावांच्या वैराइतके उग्र नसले, तरी कॅमेऱ्यामागेही भावाभावांतील मतभेद होते.

अझीमची भूमिका करणारा साबू हा म्हैसूर संस्थानातील माहुताचा मुलगा. ‘एलिफंट बॉय’ (१९३७) या चित्रपटाने तो जगापुढे आला आणि पुढे १९४२ च्या ‘जंगल बुक’मध्ये त्याने मोगलीची भूमिका केली. म्हणजे जंगलातला मुलगा, सरहद्दीवरचा राजपुत्र आणि पुन्हा जंगलातला मुलगा असा त्याचा प्रवास आहे. दक्षिणेकडील माहुताच्या मुलाला वायव्येकडील राजपुत्र म्हणून दाखवताना निर्मात्यांना कोणतीही विसंगती जाणवली नाही. जंगल काय किंवा सरहद्द काय, साहसपटाच्या दृष्टीने ही दोन्ही स्थळे एकच होती. जेथे कायदा पोचलेला नाही आणि जेथे तो पोचवण्यासाठी नायकाला जावे लागते, असे ते स्थळ.

३. कथेमागचा इतिहास : चित्राळ

चित्रपटाचे काही बाह्यचित्रण चित्राळ येथे झाले. चित्राळची निवड केवळ निसर्गसौंदर्यासाठी झाली असे मानले, तरी त्या स्थळाच्या इतिहासाकडे दुर्लक्ष करता येत नाही. चित्राळचा मेहतर अमान-उल-मुल्क ऑगस्ट १८९२ मध्ये मरण पावला. त्याचा एक मुलगा अफझल-उल-मुल्क याने गादी बळकावली, तर दुसरा मुलगा निझाम-उल-मुल्क गिलगिटला ब्रिटिशांच्या आश्रयाला गेला. त्याच वर्षी अमानचा भाऊ शेर अफझल अफगाणिस्तानातून आला आणि त्याने आपल्या पुतण्याला, म्हणजे अफझलला, ठार केले. मग निझाम गिलगिटहून परतला आणि चुलत्याला पळवून लावून मेहतर झाला. १ जानेवारी १८९५ रोजी निझामचाही खून झाला. तो घडवून आणणारा अमीर-उल-मुल्क त्याचा सावत्र भाऊ होता.

यानंतर जंदोलचा उमरा खान चित्राळवर चालून आला. गिलगिटचा ब्रिटिश एजंट रॉबर्टसन चित्राळला पोचला, त्याने अमीरला बाजूला सारले आणि शुजा-उल-मुल्क या अल्पवयीन भावाला मेहतर म्हणून पुढे केले. मार्च-एप्रिल १८९५ मध्ये चित्राळच्या किल्ल्याला वेढा पडला आणि कर्नल केली याच्या तुकडीने २० एप्रिलला तो उठवला. शुजा-उल-मुल्क १९३६ पर्यंत, म्हणजे चित्रपटाच्या आदल्या काही काळापर्यंत, गादीवर होता.

भाऊ, चुलता, पुतण्या, अल्पवयीन वारस, वेढलेली ब्रिटिश तुकडी आणि ऐनवेळी आलेली मदत हे ‘द ड्रम’चे सर्व घटक या इतिहासात सापडतात. मात्र इतिहासात नसलेली एक गोष्ट चित्रपटाने भरली आहे, ती म्हणजे नीतीची स्पष्ट विभागणी. चित्राळच्या वारसांपैकी प्रत्येक जण कोणाचा तरी भाऊ आणि कोणाचा तरी वैरी होता. ब्रिटिशांची पसंतीही नात्यापेक्षा सोयीवर ठरत होती. चित्रपटात मात्र एक भाऊ निर्मळ, दुसरा दुष्ट आणि मुलगा निष्पाप आहे. दुष्ट भावाच्या नावातही हे सूचित होते. ‘गुल’ हे फूल या अर्थाचे फारसी नाव त्या प्रदेशात रूढ आहे. चित्रपटातील इंग्रजी वर्णलेखनामुळे त्या नावाला पिशाच्च या अर्थाच्या अरबी शब्दाची छटा येते.

४. बंदुकांचे व्याकरण

या प्रकारच्या कथेत शस्त्रांची चोरटी वाहतूक केवळ रहस्य निर्माण करण्यासाठी येत नाही. ती भावांच्या वैराला सार्वजनिक स्वरूप देते. बंदुका नसत्या तर घूलचा गुन्हा हा कौटुंबिक खून ठरला असता. त्यात ब्रिटिशांनी हस्तक्षेप करण्याचे कारण उरले नसते. घरातला अपराध आणि साम्राज्याची सुरक्षा यांना जोडणारा दुवा म्हणून बंदूक येते.

सरहद्दीवरील शस्त्रव्यापार ही कल्पित गोष्ट नव्हती. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मस्कत हे त्याचे मोठे केंद्र होते. युरोपात बनलेल्या बंदुका तेथून मकरानच्या किनाऱ्यावर उतरत आणि उंटांच्या काफिल्यांतून अफगाणिस्तानमार्गे टोळ्यांच्या मुलखात पोचत. ब्रिटिश नौदलाने आखातात नाकेबंदी केली आणि १९१२ मध्ये मस्कतच्या सुलतानाने सरकारी नियंत्रणाखालील शस्त्रगोदामाची व्यवस्था केल्यावर हा व्यापार ओसरला. कोहाट आणि पेशावर यांच्या दरम्यानच्या दर्रा आदमखेल येथील कारागीर हाताने ब्रिटिश बंदुकांच्या नकला तयार करीत. दुसरीकडे, १८७८ च्या शस्त्रास्त्र कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानातील सामान्य माणसाच्या हातून शस्त्र काढून घेतले होते.

चित्रपटात यांपैकी फक्त अखेरचा टप्पा दिसतो. बंदूक कोठे तयार झाली, कोणत्या कारखान्याने ती विकली आणि नफा कोणाला झाला, हे प्रश्न कथेत उद्भवतच नाहीत. घूलच्या हातातील बंदूक चोरटी असते. रेसिडेंटच्या तुकडीच्या हातातील तेच यंत्र कायद्याचे साधन असते. कथनमीमांसेच्या भाषेत सांगायचे तर, वस्तू एकच राहते आणि ती धारण करणाऱ्यानुसार तिचे मूल्य बदलते. जंगलातील शस्त्रतस्करीच्या चित्रपटांतही हाच नियम आढळतो. तेथे विक्रेता गोरा असला, तर तो आपल्या समाजातून भ्रष्ट झालेला एकटा खलपुरुष म्हणून येतो आणि व्यवस्था निर्दोष राहते.

५. ‘भाऊबंदकी’ : हाच साचा, दुसरा न्यायाधीश

मराठीबाहेरील वाचकांसाठी ‘भाऊबंदकी’ या शब्दाचा थोडा खुलासा आवश्यक आहे. ‘भाऊबंद’ म्हणजे एका कुळातील, वाटणीचे हक्कदार असलेले नातलग. ‘भाऊबंदकी’ म्हणजे या नात्यातूनच उद्भवणारे वैर. नाते आणि वैर या दोन्ही गोष्टी एकाच शब्दाने व्यक्त होतात. इंग्रजीतील ‘भ्रातृहत्या’वाचक शब्द एका कृत्याचा निर्देश करतो, तर हा मराठी शब्द एका सामाजिक स्थितीचा निर्देश करतो.

खाडिलकरांच्या नाटकाचा विषय नारायणराव पेशव्यांचा खून हा आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणरावांना ठार केले. चुलते रघुनाथराव यांचा त्यात हात होता. नारायणरावांना ‘धरावे’ असा मूळ हुकूम होता आणि रघुनाथरावांची पत्नी आनंदीबाई यांनी एक अक्षर बदलून तो ‘मारावे’ असा केला, अशी आख्यायिका आहे. ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार तीतून आला. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी रघुनाथरावांना दोषी ठरवले. देहान्त प्रायश्चित्त सांगणारा हा निःस्पृह न्यायाधीश मराठी मनात कायमचा ठसला आणि ‘प्रभात’च्या ‘रामशास्त्री’ (१९४४) या चित्रपटातूनही तो पुन्हा उभा राहिला.

या इतिहासाचा पुढचा भाग आपल्या विवेचनासाठी महत्त्वाचा आहे. नारायणरावांच्या मृत्यूनंतर, एप्रिल १७७४ मध्ये, त्यांच्या मुलाचा जन्म झाला. बारभाईंनी त्या तान्ह्या सवाई माधवरावांचा पक्ष घेतला. गादी हातची गेलेले रघुनाथराव मुंबईकर इंग्रजांकडे गेले आणि मार्च १७७५ मध्ये सुरतेचा तह झाला. साष्टी आणि वसई देण्याच्या बदल्यात इंग्रजांनी त्यांना सैन्याची मदत देऊ केली. त्यातून उद्भवलेले युद्ध १७८२ च्या सालबाईच्या तहाने संपले. रघुनाथरावांना नेमणूक मिळाली आणि साष्टी इंग्रजांकडे राहिली.

आता दोन्ही कथा शेजारी ठेवल्या, तर विरोध स्पष्ट होतो. टोकोटमध्ये चुलता खुनी आहे, पुतण्या निष्पाप आहे आणि इंग्रज पुतण्याच्या बाजूने उभे आहेत. पुण्यातही चुलत्यावर खुनाचा ठपका होता आणि वारस मूल निष्पाप होते, पण इंग्रजांनी चुलत्याशी तह केला. म्हणजे बालवारसाचे रक्षण हे साम्राज्याचे तत्त्व नव्हते. चित्राळमध्ये मूल सोयीचे होते, पुण्यात चुलता सोयीचा होता. साहसपट या दोन प्रसंगांतील पहिल्याच प्रकाराला नियमाचे रूप देतो आणि त्यालाच न्याय म्हणतो.

शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चा संदर्भ येथे उपयुक्त ठरतो. भावाने भावाला मारून गादी घेणे आणि पुतण्याने दूर ढकलले जाणे ही त्याची मूळ चौकट आहे. खाडिलकर शेक्सपिअरचे जाणते वाचक होते. त्यांच्या ‘सवाई माधवरावांचा मृत्यू’ या नाटकावरील ‘हॅम्लेट’ आणि ‘ऑथेल्लो’ यांची छाया, तसेच ‘भाऊबंदकी’तील आनंदीबाईंचे लेडी मॅक्बेथशी असलेले साम्य मराठी समीक्षेने वारंवार दाखवले आहे. ‘हॅम्लेट’च्या अखेरीस सारे घराणे नष्ट होते आणि बाहेरून आलेला फोर्टिनब्रास गादी घेतो. ‘द ड्रम’मध्ये फोर्टिनब्रास पहिल्या अंकापासूनच रेसिडेंट म्हणून हजर असतो. त्याला गादीवर बसण्याची गरज नसते, कारण गादीवर कोणी बसावे हे ठरवण्याचा अधिकार त्याच्याकडे आधीच आलेला असतो. खाडिलकरांच्या नाटकात ही जागा रामशास्त्र्यांची आहे. घराण्याच्या अपराधाचा निवाडा त्याच राज्याचा न्यायाधीश करतो. त्याच्याकडे सैन्य नाही. त्याचा निवाडा अमलात येत नाही, तरी अधिकार त्याचाच राहतो.

आणखी एक साम्यविरोध पाहण्यासारखा आहे. ‘भाऊबंदकी’च्या परंपरेत अनर्थ घडतो तो लिखित अक्षरात फेरफार झाल्यामुळे. ‘द ड्रम’मध्ये अनर्थ टळतो तो ढोलाचा संकेत अचूक पोचल्यामुळे. ढोल टोकोटचा, पवित्र आणि पिढीजात आहे, पण त्यावर वाजवलेली भाषा इंग्रज मुलाने शिकवलेली आहे. स्थानिक वाद्यातून परकी आज्ञा निघावी आणि ती स्वतःच्या इच्छेने निघाल्यासारखी भासावी, ही या चित्रपटातील सर्वांत सूचक प्रतिमा आहे.

‘भाऊबंदकी’ लिहिले गेले तो काळही ध्यानात घ्यावा लागतो. डिसेंबर १९०७ मध्ये सुरत येथे काँग्रेस दुभंगली होती. १९०८ पासून टिळक शिक्षा भोगत होते आणि खाडिलकर हे टिळकांचे निकटवर्ती, ‘केसरी’शी संबंधित पत्रकार होते. त्यांचे ‘कीचकवध’ (१९०७) सरकारने १९१० मध्ये जप्त केले. एका सुरतेतील तहाची कथा दुसऱ्या सुरतेतील फुटीनंतर दोन वर्षांनी पाहणाऱ्या प्रेक्षकाला तिचा वर्तमान अर्थ समजावून सांगण्याची गरज नव्हती. बंदुकांचा विषयही या नाटककाराला परका नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभी कौलांच्या कारखान्याच्या निमित्ताने ते नेपाळात गेले होते आणि शस्त्रनिर्मिती हा त्यामागील गुप्त उद्देश होता, असे त्यांच्या चरित्रांतून नोंदलेले आहे. तो प्रयत्न तडीस गेला नाही. ज्याला साहसपट ‘शस्त्रतस्करी’ म्हणतो, ती कृती दुसऱ्या बाजूने पाहिली तर कशी दिसते, याचा हा दाखला आहे.

६. मुंबई, १९३८ : प्रेक्षकाचे उत्तर

‘द ड्रम’ १९३८ मध्ये मुंबईत आणि मद्रासमध्ये दाखवला गेला, तेव्हा त्याविरुद्ध निदर्शने झाली. हा साम्राज्याचा प्रचार आहे, पठाणांना विश्वासघातकी आणि मुसलमानांना रक्तपिपासू दाखवले आहे, मोहरमचा प्रसंग कत्तलीशी जोडला आहे, असे आक्षेप होते. त्या वेळी मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ सत्तेवर होते. बाबूराव पटेल यांच्या ‘फिल्म इंडिया’ या मुंबईच्या मासिकाने हिंदुस्थानची बदनामी करणाऱ्या परदेशी चित्रपटांविरुद्ध तीव्र भूमिका घेतली होती. ‘गंगा दीन’ (१९३९) या चित्रपटालाही अशाच विरोधाला तोंड द्यावे लागले.

या विरोधाचे महत्त्व समजण्यासाठी त्या वर्षीची सरहद्द पाहावी लागते. सप्टेंबर १९३७ पासून वायव्य सरहद्द प्रांताचे मुख्य मंत्री डॉ. खानसाहेब होते. त्यांचे धाकटे बंधू खान अब्दुल गफारखान यांनी १९२९ मध्ये खुदाई खिदमतगार ही अहिंसक संघटना उभारली होती. २३ एप्रिल १९३० रोजी पेशावरच्या किस्साखानी बाजारात निःशस्त्र जमावावर गोळीबार झाला, तेव्हा चंद्रसिंह गढवाली यांच्यासह गढवाल रायफल्सच्या सैनिकांनी गोळी झाडण्यास नकार दिला होता. गांधीजींनी १९३८ मध्ये दोनदा या प्रांताचा दौरा केला. त्याच काळात वजिरीस्तानात इपीच्या फकिराचा सशस्त्र लढा चालू होता, हेही खरे. सरहद्दीचे वास्तव एकरंगी नव्हते. परंतु पडद्यावर परस्परांचा घात करणारे भाऊ आणि चोरट्या बंदुका दिसत असताना, प्रत्यक्ष पेशावरमध्ये दोन सख्खे भाऊ एकत्र उभे होते आणि त्यांचे हजारो अनुयायी शस्त्र न उचलण्याच्या शपथेने बांधलेले होते. मुंबईच्या निदर्शकांचा राग केवळ दुखावलेल्या अस्मितेचा नव्हता. ज्या भागातील लोकांनी स्वतःचा न्याय स्वतः करण्याची क्षमता नुकतीच सिद्ध केली होती, त्यांनाच चित्रपट त्या क्षमतेपासून वंचित ठरवत होता.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. निषेधाचा इतिहास सांगताना ‘द ड्रम’ ही केवळ दोषारोपाची वस्तू होऊ नये. रंगीत चित्रणातील डोंगर, साबूचा विलक्षण सहज वावर आणि रेमंड मॅसीने घूलला दिलेली बुद्धिमान धार यांमुळे चित्रपट आजही पाहवतो. किंबहुना घूल हाच त्यातील राजकीय विचार करणारा एकमेव स्थानिक माणूस आहे. त्याला मारल्याशिवाय कथा संपू शकत नाही, यातच तिच्या विचारसरणीची मर्यादा दिसते.

७. समारोप

भावांचे वैर हे कथाबीज महाभारतापासून ‘हॅम्लेट’पर्यंत आणि शनिवारवाड्यापासून चित्राळपर्यंत सर्वत्र आढळते. म्हणून त्याच्या सार्वत्रिकतेची नोंद करणे पुरेसे नाही. प्रत्येक रूपात भांडणाबाहेर कोण उभे आहे आणि निवाडा करण्याचा अधिकार त्याला कोठून मिळाला, हे तपासावे लागते. ‘द ड्रम’ हा अधिकार रेसिडेंटला देतो आणि त्यासाठी स्थानिकांचे वैर स्वाभाविक असल्याचे गृहीत धरतो. ‘भाऊबंदकी’ वैर नाकारत नाही. उलट त्याची लाज बाळगते, त्याचा निवाडा घरातल्या न्यायपीठापुढे आणते आणि तो डावलला गेल्यास परका दारात उभा असल्याची जाणीव देते. चोरट्या बंदुकांचेही तसेच. त्या कोणाच्या हातात आहेत एवढे सांगून साहसपट थांबतो, तर तौलनिक अभ्यासकाला त्या कोठून आल्या येथपासून सुरुवात करावी लागते.

साहसपटांच्या अभ्यासात प्रादेशिक भाषांतील नाटकांचा आणि त्या त्या शहरांतील प्रेक्षकांच्या प्रतिसादाचा समावेश केला, तर साम्राज्याच्या कथांचे वाचन एकतर्फी राहणार नाही. बंगाली, तमिळ, उर्दू आणि पश्तू या भाषांतही भाऊबंदकीची आपापली रूपे आहेत. ‘द ड्रम’सारख्या चित्रपटासमोर ती मांडून पाहण्याचे काम त्या त्या भाषांच्या अभ्यासकांनी हाती घ्यावे, अशी अपेक्षा आहे.